तांबडीचा अठरावा दिवस

थंडी पडली की कोंबड्या अंग चोरतात. पंखात मान घालून कुंपणाकडच्या उन्हाच्या पट्ट्यात उभ्या राहतात. ऊन सरकलं की त्याही सरकतात. अशा दिवसांत एखादी कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसली तरी नशीब म्हणायचं. यंदा एकाच आठवड्यात दोन बसल्या, कबरी आणि तांबडी. खुराड्याच्या दोन कोपऱ्यांत अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून. हात लावला की घशातल्या घशात कुरकुरायच्या आणि बोट टोचायच्या.

म्हातारीने दोघींना बघितलं आणि आपले हात शालीखाली घेतले. गेल्या पावसाळ्यापासून ते थरथरत होते. पाण्याचा पेला ओठांपर्यंत जाईतो निम्मा व्हायचा. चाळीस हिवाळे तिने पिल्लं काढली होती. आसपासच्या कुणालाही तलंगा, अंड्यावर यायच्या कोवळ्या कोंबड्या, हव्या असल्या तर याच दाराची कडी वाजायची, आणि अंडी देणाऱ्या कोंबडीचं कौतुक निघालं की लोक आधी म्हातारीचं नाव काढायचे, मग कोंबडीचं.

“मला आता अंडं धरवत नाही,” ती सुनांना म्हणाली. “दोघी एकेक बसवा. थोरलीने कबरी, धाकटीने तांबडी. पिल्लं पायावर उभी राहिली की सांगते खुराडं कुणाच्या हाती द्यायचं ते.”

थोरली भांडी घासत होती. तिचा हात पातेल्यातच थांबला. कुणाच्या हाती म्हणजे? बारा वर्षं तिनेच तर खुराडं खरवडलं होतं. पहाटे कोमट पाणी तिने नेलं, पिल्लांची चिकटलेली बुडं ओल्या फडक्याने तिने पुसली, मुंगूस शिरलं तेव्हा काठी घेऊन तीच धावली. फक्त अंडी मांडायची वेळ आली की सासू म्हणायची, “सर जरा, मी बघते.” ते एवढंच उरलं होतं. धाकटीला या घरात येऊन दीड वर्ष झालं होतं.

“आई, मला कुठं येतंय?” धाकटी म्हणाली. “ताई आहेत की.”

“ताई आहेतच. तूही आहेस.”

दुपारी मागच्या लाकडांच्या खोलीत दोन टोपल्या ठेवल्या. तळाला राख, वर भुसा, मध्ये मुठीने दाबून केलेला खळगा. अकरा अकरा अंडी. थोरलीने आपल्या अंड्यांवर कोळशाने फुल्या मारल्या, धाकटीने गोल काढले. काढता काढता ती तांबडीशी बोलत होती, गात होती. कुठून शिकली होती कोण जाणे, बहुधा स्वतःच जुळवायची:

बैस बाई खुडूक, पंख पसर दोन,
तुझ्या पोटाखाली हाक मारतं कोण?

तांबडी डुलत आली, चोचीने अंडी एकेक पोटाखाली ओढून घेतली आणि खाली बसली. कबरीला मात्र दोनदा उचलून ठेवावं लागलं. ठेवताना तिने थोरलीच्या मनगटाचं कातडं सोललं.

“तुझे हात गार आहेत गं,” म्हातारी दारातून म्हणाली. “तिला वाटतं विहिरीतली बादलीच आली अंगावर.”

धाकटी हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण थोरलीला ते दिवसभर पुरलं. तिची बोटं थंडीत सुजून लाल व्हायची, सांध्यांवर भेगा पडायच्या. भांडी तिच्याकडे, धुणं तिच्याकडे. धाकटीकडे चूल. गार पाण्यात कोण हात घालतं, ते काही म्हातारी बोलली नाही.

*

सातव्या दिवशी अंडी बघायची होती. खिडकीला पोतं लावलं, खोलीत भर दुपारी काळोख केला. म्हातारी स्टुलावर बसली. धाकटीने बॅटरी धरली आणि थोरलीने एकेक अंडं मुठीत घेऊन उजेडावर टेकवलं. जीव धरलेलं अंडं आतून लाल दिसतं, मध्ये काळा ठिपका आणि त्याला कोळ्याच्या पायांसारख्या शिरा. कोरं अंडं नुसतं पिवळं, कंदिलासारखं.

थोरलीची चार कोरी निघाली. चौथं निघालं तेव्हा तिने ते पुन्हा फिरवून बघितलं, उलटं करून बघितलं.

“बघून लाल होत नसतं ते,” म्हातारी म्हणाली. “बाजूला ठेव.”

धाकटीचं एकच कोरं. दहा अंड्यांमध्ये दहा कोळी पाय पसरून बसलेले.

“हात उबदार आहे हिचा,” म्हातारी म्हणाली. म्हणताना ती धाकटीकडे बघत नव्हती. स्वतःच्या मांडीवर थरथरणाऱ्या बोटांकडे बघत होती. पण थोरलीला त्या वेळी तेवढं बघायला सवड नव्हती.

संध्याकाळी थोरलीचा नवरा कामावरून आला, तर ही चुलीशी बसून कोरी अंडी एकेक करून डोळ्याला लावतेय. अंडं उबदार आहे की नाही ते म्हातारीच्या घरात असंच बघत. काम करून हात निबर होतात, त्यांना कळत नाही. मिटलेल्या पापणीला टेकवलं की लगेच कळतं.

“मीही गारठून आलोय,” तो म्हणाला. “मलाही लाव एकदा पापणीला.”

“तुम्ही कोरेच आहात,” ती म्हणाली. “तुम्हाला बॅटरी लावायची गरज नाही.”

तो हसत सुटला. तिला हसू आलं नाही. बाहेरून धाकटीच्या गाण्याची ओळ येत होती. दोनच ओळी, पण बाई दिवसभर तेवढ्यावर काढायची.

थोरली आता डोळ्यांनी मोजायला लागली. तांबडी दिवसातून एकदा उठते आणि स्वतःहून परत येते. कबरीला हाकलावं लागतं. धाकटीने टोपलीभोवती जुनं पोतं गुंडाळलं. आपल्याला का सुचलं नाही? गुंडाळलं असतं तर म्हातारी म्हणाली असती, धाकटीचं बघून केलं. सासू पूर्वी दुपारी थोरलीशी बोलत अंग शेकायची. आता म्हणायची, “धाकटे, ये गं, तांबडीचं सांग.” काय सांगायचं असतं खुडूक कोंबडीचं? बसली आहे. पण धाकटी सांगायची, आणि म्हातारी गोष्ट ऐकावी तशी ऐकायची.

*

अठराव्या दिवशी पहाटे गवतावर पांढरं पडलं होतं. बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा आला होता, थोरलीने तो तांब्याने फोडला.

धाकटी बाजाराला निघाली होती. पिल्लं निघायची, बारीक कण्या हव्यात. “दोघींच्या आणते,” ती डोक्याला रुमाल बांधत म्हणाली. “ताई, तांबडी उठली की तेवढं लक्ष ठेवाल? एवढ्या थंडीत अंडी उघडी राहायला नकोत.”

“बारा वर्षं तेच केलंय.”

“म्हणून तर तुम्हाला सांगते.” आणि गेली.

ऊन कुंपणावर आलं तशी तांबडी उठली. बाहेर येऊन दाणे टिपले, पाणी प्यायली, राखेच्या खड्ड्यात पाय ताणून पंख झटकले. थोरली लाकडांच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी उभी होती. आत टोपलीत दहा अंडी एकमेकांना टेकून पडली होती. वाऱ्याने दार हललं. अर्धं लागलं, परत उघडलं. थोरलीने ते हाताने लोटलं आणि कडी घातली.

एवढंच. वाऱ्याने भुसा उडतोय, असं ती मनात म्हणाली, आणि धुणं घेऊन हौदावर गेली.

पहिली चादर पिळेपर्यंत तांबडी दारापाशी आली. तिने दाराला चोच मारली. मग दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. मान खाली घालून फटीतून बघायची, पुन्हा फिरायची. मग ओरडायला लागली. अंडं घातल्यावरचं ते मिरवणं नव्हे. तुटक, वर चढत जाणारं.

“कुठली कोंबडी ओरडते गं?” खाटेवरून म्हातारीने विचारलं.

“कावळा दिसला असेल,” थोरली म्हणाली.

म्हातारी पुन्हा काही बोलली नाही. थोरलीने सदरे धुतले, धाकटीचा झगा धुतला, तोही नीट, कॉलर घासून. हात बधिर झाले. ओरडणं थांबलं तेव्हा तिने मान वर केली. तांबडी दारापाशी नव्हती. ती इतर कोंबड्यांत, उन्हाच्या पट्ट्यात, एका पायावर उभी होती. आपण खुडूक आहोत हे ती विसरली होती.

तेव्हा थोरलीने हातातला पिळा हौदातच टाकला. ती धावली, कडी काढली, एक अंडं उचलून पापणीला लावलं. नदीतला गोटा. दुसरं लावलं. तेही.

तिने तांबडीला धरून टोपलीत बसवलं. तांबडी उडून बाहेर गेली. पुन्हा बसवलं, पुन्हा गेली. आता ती रागावली होती, की थोरलीच्या हातांना भ्याली होती, कोण सांगणार. थोरलीने एक फडकं चुलीवर धरून शेकलं, त्यात दहा अंडी घेतली आणि आपल्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं. स्वेटर वर केला, अंडी पोटावर मांडली, पाच इकडे, पाच तिकडे, वरून स्वेटर, त्यावर दोन घोंगड्या. आणि हात बाहेर ठेवले. हात गार होते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना हात टाकून, कुणी शरण यावं तशी ती उताणी पडून राहिली.

“अवेळी निजलीस का गं?” म्हातारीचा आवाज.

“पोटात कळ आलीय.”

जरा वेळाने आवाज आला, “पडून राहा मग. हलू नकोस.”

ती हलली नाही. पोटाची कातडी गारठ्याने आक्रसली होती, हळूहळू सैल पडली. छपराच्या भोकातून उन्हाचा एक कवडसा भिंतीवर आला होता, तो खुंटीपर्यंत चढला. तिच्या ओठांवर तेच आलं. स्वतःचं असं काही तिला गाता येत नव्हतं. तुझ्या पोटाखाली हाक मारतं कोण. ती ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली, लाज वाटली तरी म्हणत राहिली, आणि कधीतरी बेंबीच्या डावीकडे काहीतरी हललं. आतून कुणी कूस बदलावी तसं. मग थांबलं. मग पुन्हा.

तिने श्वास धरून ठेवला. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांत गेलं, आणि ते पुसायला तिने हात उचलला नाही.

दुपारी तिने अंडी परत टोपलीत मांडली, तांबडीला पकडून त्यांवर बसवलं आणि वर दुसरी टोपली पालथी ठेवली. अंधार झाला तशी कोंबडीला आठवण आली. आत भुसा सरकल्याचा आवाज आला, मग कुरकुर.

धाकटी कण्यांची पिशवी घेऊन आली. “उठली होती तांबडी?”

“उठली. बसली.”

“तुम्ही होता म्हणून जिवाला घोर नव्हता, ताई.”

*

एकविसाव्या दिवशी कबरीच्या टोपलीत चिवचिव सुरू झाली. सातांतली सहा निघाली. आधी कवचाला टवका, मग चोचीचं टोक, मग ओलं, चिकट, मान न पेलणारं एक चिमटीएवढं काहीतरी. दुपारपर्यंत ते वाळून लोकरीसारखं फुललं.

धाकटी टाळ्या वाजवायची बाकी राहिली होती. “ताई, हे बघा काळं! आई, ताईंचं काळं बघा!” थोरलीला हवा होता तो दिवस हाच होता. बारा वर्षं हाच हवा होता. पण धाकटीचा तो आनंद खरा होता, त्यात कुठे टाचणीएवढीही मत्सराची जागा सापडेना, आणि त्याचाच थोरलीला नव्याने जळफळाट झाला.

तांबडीची टोपली गप्प होती.

म्हातारी भिंत धरत आली. एक गोलवालं अंडं धाकटीकडून पापणीला लावून घेतलं. “आहे,” ती म्हणाली. “मागे पडलंय. दिवसभराने निघतील.” आणि बोटांवर काहीतरी मोजत परत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली. सहाच. चार निघाली नाहीत. संध्याकाळपर्यंत वाट बघितली, मग म्हातारीने ती ताटलीत मागवली.

“फोड,” ती थोरलीला म्हणाली.

“मी?”

“माझे हात कुठं स्थिर आहेत?”

थोरलीने फोडली. चारही आत पूर्ण होती. पिसं, नखं, मिटलेल्या पापण्या. पोटाशी पिवळा बलक अजून बाहेरच लटकत होता.

“पिल्लू निघायच्या आधी हा आत ओढून घेतं,” म्हातारी म्हणाली. “यांना तेवढा वेळ मिळाला नाही. अठराव्या दिवशी थांबली ही.”

“अठराव्या दिवशी तर मी बाजारात होते,” धाकटी म्हणाली. तिने थोरलीकडे बघितलं. तिच्या नजरेत संशय नव्हता, नुसता आधार शोधत होती. “ताई होत्या घरी. माझंच चुकलं असणार. मी सारखी हात लावून बघायची त्यांना.”

थोरली ताटलीतली टरफलं एकत्र करत राहिली. मग म्हातारी म्हणाली, “सगळी पिल्लं उभी आहेत. खुराडं थोरलीकडे.”

धाकटीने मान डोलावली. चार पिल्लं कागदात गुंडाळून ती पुरायला घेऊन गेली.

थोरली उठायला लागली तर म्हातारीने तिचं मनगट धरलं. थरथर तिच्या हातातून हिच्या हातात आली.

“कडी वाऱ्याने लागत नसते,” म्हातारी म्हणाली.

थोरली परत खाली बसली. “मग मला का दिलंत?”

“मी ऐकत होते. ती कोंबडी तासभर ओरडत होती. चाळीस वर्षं ऐकलंय मी ते ओरडणं, मला कळत नाही?” तिने हात सोडला आणि शालीखाली घेतला. “हाक मारली असती तर तू कडी काढली असतीस. नाही मारली. त्या पोरीच्या हातात अंडं असं बसतं, जसं पूर्वी माझ्या हातात बसायचं. ते मला बघवेना, म्हणून पडून राहिले. आता कुठल्या तोंडाने तुला नाही म्हणू?”

*

थोरलीने धाकटीला कुंपणापाशी गाठलं. तिच्या नखांत माती होती.

“कडी मी लावली होती,” थोरली म्हणाली. पुढे भुशाचं, वाऱ्याचं काही सांगायचं होतं, ते आलं नाही. “मुद्दाम.”

धाकटी बराच वेळ खुरप्याची माती पायाने काढत राहिली. “आणि तुमच्या पोटात कळ आली होती म्हणे त्या दिवशी.”

“तुझी अंडी होती पोटावर.”

धाकटीने तिच्या पोटाकडे बघितलं, स्वेटरकडे, जणू तिथं अजून काही असेल. मग खुरपं घेऊन घरात गेली.

त्या दिवसापासून तिने थोरलीला ताई म्हटलं नाही. भांडली नाही, अबोलाही धरला नाही. नुसतं भिंतीशी बोलल्यासारखं बोलायची. “पाणी तापलं असेल तर हवंय.” “कण्या संपत आल्यात.” थोरली म्हणाली, “खुराडं तू बघ, मी पाणी तापवते.” तर म्हणाली, “आईंनी तुम्हाला दिलंय.” मग दोघींनीही ते घेतलं नाही आणि दोघीही करत राहिल्या. एक शिट खरवडायची, दुसरी भुसा पसरायची. एकीने पिल्लांची बुडं पुसली की दुसरी फडकं धुवायची. गाणं बंद झालं होतं. थोरलीने कधी विचार केला नव्हता की ते बंद झालं तर आपल्याला ऐकू येईल.

आणि जळणंही काही विझलं नव्हतं. तांबडीची सहा पिल्लं कबरीच्या सहांपेक्षा एका दिवसाने लहान, पण पंखांची पिसं त्यांना आधी फुटली. थोरली रोज सकाळी बघायची. रोज सकाळी तेच दिसायचं.

पिल्लांच्या बाराव्या दिवशी पुन्हा गवत पांढरं झालं. थोरली चुलीवर पाणी ठेवून लाकूड पुढे सारत होती. धाकटी आधीच लाकडांच्या खोलीत गेली होती. कबरी रात्री टोपली सोडून वर लाकडांवर जाऊन बसली होती, आणि खाली तिची पिल्लं एकमेकांवर चढून ढीग करून पडली होती. तळाचं काळं पिल्लू पाय ताणून कडक झालं होतं. धाकटीने ते उचललं, दोन्ही तळव्यांत घेतलं, गळ्याशी धरून त्याच्यावर श्वास सोडला. त्याची चोच किंचित उघडली.

“ताई!” ती ओरडली. “ताई, लवकर! कोमट पाणी आणा!”

“कोण ओरडतंय गं?” खाटेवरून म्हातारीने विचारलं.

“मला बोलावतेय,” थोरली म्हणाली. फडकं शोधायला ती थांबली नाही. पातेलं तसंच हातांनी उचललं आणि धावली, आणि वाटभर ते पाणी तिच्या भेगाळलेल्या बोटांवर हिंदकळत राहिलं.